सीमेवरचा कॅमेरा आणि आपला चेहरा : जुळवणी झाल्यावर छायाचित्राचे काय होते?

अनुस्वार (धागाकर्ती)

इमिग्रेशनच्या रांगेत माझ्या पुढे आई उभी होती. स्वयंचलित दारापाशी पोहोचल्यावर तिने पासपोर्टचे फोटो असलेले पान काचेवर पालथे ठेवले, पहिले दार उघडले, ती आत गेली आणि जमिनीवर रंगवलेल्या पावलांच्या खुणांवर पाय ठेवून उभी राहिली. समोरचा कॅमेरा तिच्या उंचीपर्यंत खाली सरकला. तिने चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. पडद्यावर दोनदा लाल फुली उमटली आणि पुढचे दार काही उघडले नाही. मग एका अधिकाऱ्याने तिला बाजूच्या खिडकीपाशी नेले, पासपोर्ट हातात घेऊन एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि मिनिटभरात तिला जाऊ दिले. सामानाच्या पट्ट्याशी उभे असताना तिने मला विचारले, "यंत्राने मला ओळखले नाही ते ठीक आहे, पण माझे दोन फोटो काढले ना त्यांनी, ते कुठे गेले?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. दाराच्या अलीकडे एक फलक होता आणि त्यावर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले होते, पण तो रांगेच्या अगदी शेवटच्या वळणावर होता आणि मी वाचायला थांबले असते तर मागची सगळी माणसे खोळंबली असती. घरी आल्यावर मात्र या विषयावर जमेल तितके वाचले. ते इथे मांडावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

वाचताना सर्वात आधी ध्यानात आले ते असे, की 'सीमेवर चेहरा ओळखणे' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात आणि सरकारी माहितीपत्रकांत त्यांची बेमालूम सरमिसळ झालेली असते. पहिल्या प्रकारात यंत्र फक्त एवढेच तपासते, की समोर उभा असलेला माणूस आणि हातातला पासपोर्ट एकमेकांचे आहेत की नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजानुसार इ-पासपोर्टच्या चिपमध्ये धारकाचे छायाचित्र असणे बंधनकारक आहे, बोटांचे ठसे मात्र ऐच्छिक आहेत. ते छायाचित्र पासपोर्ट देणाऱ्या देशाच्या डिजिटल स्वाक्षरीने मोहोरबंद केलेले असते, त्यामुळे ते कोणी बदलले तर यंत्राला कळते. कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा चिपमधल्या चेहऱ्याशी जुळवला, दार उघडले, टिपलेले छायाचित्र पुसून टाकले. काम तिथल्या तिथे संपू शकते. कोठल्याही मध्यवर्ती संग्रहाची गरज त्यात पडत नाही.

दुसऱ्या प्रकारात पासपोर्ट दाखवावाच लागत नाही. अमेरिकेचा सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभाग, म्हणजे सीबीपी, विमान कंपनीकडून प्रवाशांची यादी आधीच घेतो; त्या यादीतल्या माणसांची पासपोर्ट-अर्जातली, व्हिसा-अर्जातली आणि पूर्वीच्या प्रवासात सीमेवर काढलेली छायाचित्रे गोळा करून त्या उड्डाणापुरते एक दालन तयार करतो, आणि तुम्ही कॅमेऱ्यासमोर आलात की तुमचा चेहरा त्या दालनातल्या सगळ्या चेहऱ्यांत शोधला जातो. म्हणजे तुम्ही खिशातून पासपोर्ट काढण्यापूर्वीच तुमचा चेहरा तिथे तुमची वाट पाहत असतो.

आता जतन करण्याच्या मुदती पाहा. याच अमेरिकी व्यवस्थेत स्वतःच्या नागरिकांची नवी छायाचित्रे १२ तासांत पुसली जातात आणि परदेशी प्रवाशांची ७५ वर्षांपर्यंत ठेवली जाऊ शकतात. कॅमेरा तोच, दार तेच, जुळवणी तीच. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने येताना आणि जाताना सर्व परदेशी व्यक्तींचे छायाचित्र घेण्याची मुभा मिळाली, आणि पूर्वी १४ वर्षांखालील मुलांना व ७९ वर्षांवरील वृद्धांना असलेली सूटही गेली. युरोपच्या शेंगेन क्षेत्रात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली प्रवेश-निर्गमन प्रणाली (ईईएस) २९ देशांना लागू आहे. अल्प मुदतीसाठी येणाऱ्या बिगर-युरोपीय प्रवाशाचा चेहरा तिच्यात नोंदवला जातो, व्हिसाची गरज नसलेल्यांच्या चार बोटांचे ठसेही घेतले जातात, आणि ही नोंद शेवटच्या निर्गमनानंतर ३ वर्षे राहते. निर्गमनाची नोंदच झाली नाही, तर ५ वर्षे.

निदान या दोन्ही ठिकाणी नियम छापलेले आहेत. कॅनडात २०१६ च्या जुलै ते डिसेंबर या काळात टोरंटोच्या पिअरसन विमानतळावरील तिसऱ्या टर्मिनलमध्ये सीमा यंत्रणेने ३१ कॅमेरे लावून येणाऱ्या प्रवाशांचे चेहरे पूर्वी देशाबाहेर घालवलेल्या सुमारे ५,००० जणांच्या यादीशी ताडून पाहिले होते. ही गोष्ट वृत्तपत्रातून लोकांसमोर यायला २०२१ साल उजाडले. त्या सहा महिन्यांत तिथून गेलेल्या माणसाला आपला चेहरा तपासला गेला हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की दार उघडण्यासाठी चेहरा जुळवण्याला माझा विरोध नाही. जुळवणी झाल्यावरही तो चेहरा ठेवून घेण्याला आहे. छायाचित्र ठेवणे ही तंत्रज्ञानाची गरज आहे असे भासवले जाते, प्रत्यक्षात तो सरकारने केलेला वेगळा निर्णय असतो आणि त्याचे वेगळे समर्थन सरकारने दिले पाहिजे.


वाटसरू

धागा चांगला आहे, पण मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. सीमा ओलांडताना आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर पूर्वीपासून आहे. पासपोर्टवर फोटो शंभर वर्षांपासून आहे आणि खिडकीमागचा अधिकारी तो फोटो आपल्या तोंडाशी ताडून पाहतच होता. तेच काम यंत्राने केले तर बिघडले कोठे?

शिवाय माणसाची नजर आपण समजतो तितकी भरवशाची नाही. ऑस्ट्रेलियातील पासपोर्ट अधिकाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुसऱ्याच माणसाचा फोटो समोर ठेवला असता सुमारे १४ टक्के वेळा अधिकाऱ्यांनी तो 'बरोबर' म्हणून स्वीकारला, आणि ही माणसे रोज हेच काम करणारी होती. ऑगस्ट २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर ही यंत्रणा सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, तेव्हा साओ पावलोहून आलेला एक तरुण फ्रेंच पासपोर्ट दाखवत असताना चेहरा जुळत नाही असे यंत्राने सांगितले. झडती घेतल्यावर त्याच्या बुटात काँगो प्रजासत्ताकाचे त्याचे खरे ओळखपत्र सापडले. अशा घटना घडतात, आणि इतरांचे हरवलेले किंवा विकत घेतलेले पासपोर्ट वापरणाऱ्यांत माणसांची तस्करी करणारेही असतात, हे विसरून चालणार नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. सिंगापूरने २०२४ मध्ये चांगी विमानतळावर पासपोर्ट न दाखवता चेहरा आणि डोळ्यांची बुबुळे यांवर इमिग्रेशन पार करण्याची सोय आणली. लहान मूल कडेवर घेऊन तासभर रांगेत उभे राहिलेल्या माणसाला हे किती मोलाचे आहे, ते ज्याचे त्याला कळते.


अनुस्वार

वाटसरू, तुम्ही दिलेले डलेसचे उदाहरण मी वाचले होते आणि मला ते माझ्याच बाजूचे वाटते. तो तरुण पकडला गेला, कारण त्याचा चेहरा त्याने दाखवलेल्या पासपोर्टशी जुळला नाही. ही एकास एक जुळवणी आहे, म्हणजे एक चेहरा एकाच पासपोर्टशी. त्याच्या आधी आणि नंतर त्या रांगेतून गेलेल्या प्रत्येक परदेशी प्रवाशाचे छायाचित्र अनेक दशके ठेवून घेतले नसते, तरीही तो तसाच पकडला गेला असता. तोतया ओळखण्यासाठी यंत्र माणसापेक्षा उजवे ठरत असेल तर ते अवश्य वापरावे. पण त्या यशाचा दाखला देऊन संग्रहाचे समर्थन केले जाते, तिथे मला अडखळायला होते.

खिडकीमागचा अधिकारी आणि यंत्र यांत एक मोठा फरक मला दिसतो. अधिकारी आपल्याकडे पाहतो आणि पुढच्या माणसाला बोलावताना आपल्याला विसरतो. त्या विसरण्यात आपले संरक्षण होते आणि ते कधी कोणी कायद्यात लिहून ठेवले नव्हते, कारण तशी गरजच पडली नव्हती.


रेघोट्या

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सीमा-यंत्रणांशी माझा संबंध नाही, पण चेहरा जुळवणाऱ्या प्रणाली जवळून पाहिल्या आहेत. 'जुळणे' म्हणजे नक्की काय, हे समजले की बरेच गैरसमज दूर होतात, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

संगणक छायाचित्रातून आकड्यांची एक लांबलचक मालिका तयार करतो, तिला साचा म्हणू. दोन साच्यांची तुलना केली की साम्याचा एक गुणांक मिळतो. तो ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला तर 'जुळले', खाली राहिला तर 'नाही जुळले'. म्हणजे यंत्र खात्रीने 'ही तीच व्यक्ती' असे कधीच म्हणत नाही. कोठे रेघ ओढायची ते माणसे ठरवतात. उंबरठा वर नेला तर धागाकर्तींच्या आईसारखी खरी माणसे अडकतात, खाली आणला तर तोतया आत शिरतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत.

समजा एखाद्या ठिकाणाहून दिवसाला ५०,००० प्रवासी जातात आणि शंभरातल्या एकाला यंत्र ओळखत नाही. दिवसाला ५०० माणसे बाजूच्या खिडकीवर जातील. त्रासदायक आहे, पण निभावते. आता समजा त्याच माणसांचे चेहरे एखाद्या हव्या असलेल्या लोकांच्या यादीशी ताडले जातात आणि दहा हजारांत एकदाच चुकीची जुळणी होते. ऐकायला उत्तम वाटते, पण तरी रोज ५ निरपराध माणसे थांबवली जातील, वर्षाला १,८२५. यादीतला खरा माणूस तिथून महिन्याला एक जात असेल, तर वाजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घंटेला समोर भलताच माणूस उभा असेल. आणि घंटा वाजल्यावर समोरच्या अधिकाऱ्याला यंत्रावर अविश्वास दाखवणे मनाने जड जाते.

चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत हेही नोंदवायला हवे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये ९९ निर्मात्यांचे १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवणाऱ्या गणिती पद्धती, तपासले. एकास एक जुळवणीत आशियाई आणि आफ्रिकन-अमेरिकन चेहऱ्यांच्या बाबतीत चुकीच्या जुळणीचे प्रमाण गौरवर्णीयांच्या तुलनेत अल्गोरिदमनुसार १० ते १०० पट आढळले. न्याय्य बोलायचे तर सगळे अल्गोरिदम असे नव्हते, काही उत्तम अल्गोरिदमांत हा फरक फारच थोडा होता. त्यामुळे 'ही यंत्रणा पक्षपाती आहे का' या प्रश्नाचे उत्तर त्या विशिष्ट दारात कोणता अल्गोरिदम कोणत्या उंबरठ्यावर चालतो यावर अवलंबून असते, आणि नेमके तेच प्रवाशाला कधी सांगितले जात नाही.

या अहवालातली आणखी एक गोष्ट इथल्या चर्चेशी थेट जोडलेली आहे. चाचणीसाठी १ कोटी ८२ लाखांहून अधिक छायाचित्रे वापरली गेली, सुमारे ८५ लाख माणसांची. ती सरकारी संग्रहांतून आलेली होती : अटकेनंतर काढलेले फोटो, आणि त्यांच्या जोडीला व्हिसाचे, इमिग्रेशन-अर्जांचे व सीमा ओलांडताना घेतलेले फोटो. निस्टने केलेले काम मोलाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु व्हिसाच्या अर्जाला फोटो चिकटवणाऱ्या माणसाने आपला चेहरा अल्गोरिदमांच्या परीक्षेसाठी दिलेला नव्हता. छायाचित्र एकदा संग्रहात राहिले की त्याला नवनवी कामे सापडत जातात.

म्हणूनच साचा ठेवण्यापेक्षा मूळ छायाचित्र ठेवणे मला अधिक चिंतेचे वाटते. साचा त्या त्या अल्गोरिदमपुरता असतो. छायाचित्रातून मात्र वीस वर्षांनी निघालेला अल्गोरिदमही नवा साचा काढू शकेल. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहऱ्याला तशी सोय नाही.


मध्यंतर

मी काही वर्षे एका विमान कंपनीसाठी बोर्डिंग गेटवर काम केले आहे. कंपनीचे आणि विमानतळाचे नाव लिहीत नाही. आमच्या गेटवर कॅमेरे बसवले गेले तेव्हा आम्हाला दिलेल्या सूचनांत एक ओळ होती, की नागरिक असलेल्या प्रवाशाने नकार दिल्यास पासपोर्ट हाताने तपासून त्याला सोडावे. ती ओळ आम्ही प्रवाशांना मोठ्याने वाचून दाखवावी असे कोठेही म्हटलेले नव्हते. दोनशे माणसे चढवायची, विमान वेळेवर सुटायचे, अशा वेळी जो शब्द सांगणे सक्तीचे नाही तो कोणी सांगत नाही. मीही सांगितला नाही, आणि त्याची मला आज खंत वाटते.

एक प्रसंग आठवतो. साठीच्या एका बाईंनी शांतपणे सांगितले, की मला फोटो काढायचा नाही, पासपोर्ट पाहा. मी त्यांना बाजूला उभे केले, कारण हाताने तपासायचे टेबल दुसऱ्या टोकाला होते आणि तिथला सहकारी व्हीलचेअरच्या प्रवाशांना मदत करत होता. त्या सात-आठ मिनिटे तशाच उभ्या राहिल्या. रांगेतून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे पाहत होता. काही लपवत असाव्यात, असे भाव अनेकांच्या तोंडावर होते. नकाराचा अधिकार कागदावर होता, पण तो वापरायचा तर इतकी किंमत मोजावी लागत होती.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, गाओने, सप्टेंबर २०२० च्या अहवालात हेच नोंदवले होते : प्रवाशांसाठीच्या सूचना सगळीकडे लावलेल्या नव्हत्या, होत्या त्या अनेकदा अपुऱ्या होत्या, आणि सीबीपीबरोबर काम करणाऱ्या वीसपेक्षा जास्त विमान कंपन्यांपैकी मे २०२० पर्यंत फक्त एकीचे गोपनीयता-नियमांच्या दृष्टीने लेखापरीक्षण झालेले होते.


वाटसरू

मध्यंतर, तुमचा अनुभव वाचून माझे मत काहीसे हलले, हे मान्य करतो. मी नेहमी रांगेतून पुढे जाणाऱ्यांपैकी असतो, त्यामुळे बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार मी केला नव्हता.

तरीही एक शंका राहते. समजा सरकारने छायाचित्र ठेवले, पण ते नीट कुलूपबंद ठेवले आणि फक्त सीमेच्या कामासाठी वापरले, तर प्रामाणिक प्रवाशाचे नुकसान नेमके काय होते?


कलमदान

वाटसरू, तुमच्या प्रश्नात दोन 'समजा' आहेत : नीट कुलूपबंद, आणि फक्त सीमेच्या कामासाठी. दोन्हींबाबत अनुभव काय सांगतो, ते क्रमाने पाहू.

आधी कुलपाचे. १० जून २०१९ रोजी सीबीपीने जाहीर केले, की प्रवाशांची आणि वाहनांच्या नंबरपाट्यांची छायाचित्रे चोरीला गेली आहेत. नंतर अमेरिकी गृहसुरक्षा विभागाच्या महानिरीक्षकांनी सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालातून तपशील समोर आला. पर्सेप्टिक्स या उपकंत्राटदाराने चेहरा ओळखण्याच्या प्रायोगिक प्रकल्पातील छायाचित्रे परवानगीवाचून स्वतःच्या संगणकांवर नेली होती आणि तिथून ती हल्लेखोरांच्या हाती लागली. सुमारे १,८४,००० छायाचित्रे, त्यांपैकी किमान १९ डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागात, टाकली गेली. सरकारचा मुख्य संग्रह फुटला नव्हता; मधल्या एका हाताने प्रत काढली होती. कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हा प्रश्न उरतो.

आता 'फक्त सीमेच्या कामासाठी' याकडे येऊ. युरोपातली युरोडॅक ही आश्रयार्थींच्या बोटांच्या ठशांची प्रणाली २००३ मध्ये सुरू झाली. आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने हाताळायचा, हे ठरवण्यासाठी ती होती. २०१३ च्या सुधारणेने ती पोलीस तपासासाठी खुली करण्यात आली. २०२४ च्या नव्या नियमाने तिच्यात चेहऱ्याचे छायाचित्रही आले, आणि ज्यांची नोंद घ्यायची त्यांची किमान वयोमर्यादा १४ वरून ६ वर्षांवर आली. यातला कोणताही टप्पा बेकायदा नव्हता. प्रत्येक वेळी रीतसर मतदान झाले. आणि म्हणूनच मला ते जास्त विचार करण्यासारखे वाटते, कारण ज्या दिवशी आपण छायाचित्र देतो त्या दिवशीच्या कायद्याकडे पाहून आपण निश्चिंत होतो, तर संग्रहावर उद्याचे कायदे लागू होतात.

अमेरिकेत तर २०२५ मध्ये सीमाच रस्त्यावर आली. आइस या देशांतर्गत स्थलांतर-अंमलबजावणी यंत्रणेच्या अधिकाऱ्यांच्या फोनमध्ये 'मोबाइल फोर्टिफाय' नावाचे ॲप आले. समोरच्या माणसावर फोन रोखायचा आणि त्याचा चेहरा सरकारी संग्रहांशी ताडून पाहायचा. त्यामागची जुळवणी चालते ती सीबीपीने प्रवाशांसाठी उभारलेल्या यंत्रणेवर. विमानतळावरच्या कॅमेऱ्यासमोर क्षणभर उभा राहिलेला माणूस आपण रांग लवकर संपवत आहोत असे समजत होता.

कायद्याच्या अंगाने आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली संमतीबद्दल. माहितीपत्रकांत 'प्रवाशाच्या सहकार्याने' असे शब्द असतात, पण ईईएसमध्ये चेहरा किंवा ठसे द्यायला नकार दिला तर प्रवेश नाकारला जातो. जिथे नकाराचा अर्थ परतीचे विमान असा होतो तिथे संमती हा शब्दच वापरू नये. ती कायद्याने घातलेली सक्ती आहे आणि सक्ती म्हणूनच तिचे परीक्षण व्हावे : उद्देश योग्य आहे का, त्यासाठी एवढे घेणे आवश्यक आहे का, कमी घेऊन भागले असते का. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ४ डिसेंबर २००८ रोजी एस. आणि मार्पर विरुद्ध युनायटेड किंग्डम या खटल्यात, गुन्हा शाबीत न झालेल्या माणसांचे ठसे आणि डीएनए नमुने सरसकट आणि अमर्याद काळ ठेवणे हे खासगी आयुष्याच्या हक्काचे उल्लंघन ठरवले होते. तो खटला पोलिसांच्या संग्रहाविषयी होता, सीमेविषयी नाही. पण ज्याच्यावर आरोपही नाही अशा प्रवाशाची छायाचित्रे ठेवताना तो तर्क मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते. युरोपच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने पोलिसांना सार्वजनिक जागी चालू क्षणी चेहरे ओळखण्यावर, काही अपवाद ठेवून, बंदी घातली. मात्र त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत तुरुंग आणि सीमा-तपासणीची जागा 'सार्वजनिक जागा' या व्याख्येतून वगळल्या आहेत. तुरुंग आणि सीमा एका ओळीत. मी ते वाक्य तीनदा वाचले.


पारिजात

चर्चा कायद्याकडे वळली आहे, मी फक्त एक अनुभव लिहिते. आजारपणानंतर माझ्या धाकट्या भावाच्या चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू कायमचे ढिले पडले. पासपोर्टवरचा फोटो त्याआधीचा होता. दरवेळी दार त्याला अडवते आणि तो बाजूच्या खिडकीवर जातो; तिथला अधिकारी दहापैकी नऊ वेळा समजूतदार असतो. पण एका ठिकाणी खिडकीच बंद होती आणि 'स्वयंचलित मार्ग वापरा' अशी पाटी लावलेली होती. चाळीस मिनिटांनी कोणीतरी आले.

त्याने नवा पासपोर्ट करून घेतला, तरी गोष्ट पूर्ण सुटलेली नाही. भाव स्थिर ठेवा, सरळ पाहा, असे यंत्र सांगते. त्याचा चेहरा त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागत नाही. माणूस असलेली खिडकी ही सवलत म्हणून चालू ठेवलेली नसावी. यंत्रे वाढतील तशा खिडक्या कमी होतील, याची मला छायाचित्राच्या साठवणीइतकीच काळजी वाटते.


रेघोट्या

पारिजात, 'भाव स्थिर ठेवा' यावरून आठवले. युरोपीय संघाच्या पैशाने २०१६ ते २०१९ या काळात आयबॉर्डर-कंट्रोल नावाचा प्रकल्प चालला. प्रवाशाने घरूनच वेबकॅमसमोर पडद्यावरच्या आभासी अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि चेहऱ्यावरच्या सूक्ष्म हालचालींवरून तो खोटे बोलतो आहे का ते यंत्राने ठरवायचे, अशी कल्पना होती. हंगेरी, ग्रीस आणि लाटविया येथे चाचण्यांची आखणी होती. पुढे पॅट्रिक ब्रायर या माजी युरोपीय संसद-सदस्याला या प्रकल्पाची नैतिक आणि कायदेशीर मूल्यमापनाची कागदपत्रे मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि त्याला ती काही प्रमाणातच मिळाली. तुमच्या भावासारख्या माणसाला अशा यंत्राने काय ठरवले असते, या विचाराने अस्वस्थ व्हायला होते.


वाटसरू

कलमदान, उत्तर मिळाले. मी दोन्ही 'समजा' मागे घेतो.

मग व्यवहारात माणसाने करायचे काय? प्रवास तर थांबवता येत नाही.


अनुस्वार

मी जे शोधले त्यावरून सांगते. अमेरिकेत नागरिकाला कॅमेरा नाकारून हाताने तपासणी मागता येते, इतरांना ती मुभा जवळजवळ उरलेली नाही. ईईएसमध्ये नकार शक्य नाही, पण आपल्याविषयी काय नोंदवले आहे ते मागण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. तो सदस्य-देशाच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करून वापरता येतो. तिथे एक काळजी जरूर घ्यावी. देश सोडताना आपल्या निर्गमनाची नोंद झाली आहे ना, याची खात्री करावी आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा, कारण नोंद राहून गेली तर ५ वर्षांची मुदत लागतेच, शिवाय मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा ठपकाही येऊ शकतो. लहान मुलांसोबत जाणाऱ्यांनी हे माहीत असू द्यावे, की १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत, छायाचित्र मात्र घेतले जाते.

मोठ्या गोष्टी एकेकट्या प्रवाशाच्या हातातल्या नाहीत. जुळवणी चिपशीच व्हावी, जुळल्यावर छायाचित्र पुसले जावे, ते ठेवायचेच असेल तर कोणत्या माणसाचे आणि कोणत्या कारणाने हे कायद्यात नावानिशी लिहिलेले असावे, कंत्राटदाराला प्रत काढता येऊ नये, आणि पारिजात म्हणतात तशी माणसाची खिडकी उघडी असावी, एवढे मला मागावेसे वाटते. यातले काहीच तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्वतःच्या नागरिकांसाठी १२ तासांत पुसणारी यंत्रणा इतरांसाठीही पुसू शकते.

आईच्या प्रश्नाचे सांगायचे राहिले. ज्या देशाच्या दारात तिला अडवले गेले तिथल्या संबंधित कार्यालयाला मी तिच्या वतीने अर्ज पाठवला : ही तारीख, ही वेळ, दोन छायाचित्रे, ती आता कोठे आहेत. पोच आली आहे. अर्जदाराची ओळख पटवण्यासाठी पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाची स्पष्ट रंगीत प्रत पाठवावी, असे त्यात लिहिले आहे. मी आईला पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "पाठव. पण ही प्रत किती दिवस ठेवणार, ते त्यांना आधी लेखी विचार." तसे पत्र काल टाकले आहे, उत्तर आले की इथे लिहीन.